राहिलेला सांगावा

बाबा गेले त्या दिवशी सगळ्यांना मीच फोन केले. दादाला ऑफिसात, वहिनीला, गावाला चुलतभावांना, जुन्या चाळीतली जी चार माणसं अजून लालबागमध्ये टिकून आहेत त्यांना. सगळीकडे तेच. आधी "काय?", मग "कधी?" दुपारी जेवले, हात धुतले, खुर्चीत बसले आणि गेले, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते मला दुसऱ्याच कोणाबद्दल बोलल्यासारखं वाटायला लागलं. मनूला, म्हणजे दादाच्या मुलीला, तिकडे अमेरिकेत उजाडल्यावर लावला. ती रडली. खूप रडली, खोटं कशाला बोलू? मग नाक ओढत म्हणाली, "आत्या, पण मी इथे काय सांगू?" मला आधी काही कळेचना. म्हटलं, "काय म्हणजे? सांग, माझे आजोबा गेले..." आणि बोलता बोलता लक्षात आलं. आजोबा गेले हे तर तिने तिकडे कधीचंच सांगून ठेवलं होतं. तिच्या कॉलेजच्या दफ्तरात माझे वडील, तिने तिथे पाय ठेवायच्या आधीपासून मेलेले आहेत.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याच्या घरच्यांबद्दलही चार बरे शब्द लिहावेत, अशी आपल्याकडे पद्धत आहे. बाबांबद्दल लिहीन. घरच्यांचं बघू.

बाबा गिरणीत साचाखात्यात, मागांवर होते. गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका औषधांच्या घाऊक दुकानात माल पोचवायचं काम त्यांनी धरलं आणि म्हातारे होईपर्यंत केलं. पण आमच्या चाळीत त्यांची ओळख वेगळीच होती. कोणाच्या घरी कोणी गेलं की माणसं आधी बाबांकडे यायची. बांबू, मडकं, कापड आणणारे दुसरे होते. बाबा सांगावा घेऊन जायचे. फोन घरोघरी आले, मोबाइल आले, तरी ठाकूरद्वारला मुलगी दिली आहे, शीवला भाऊ राहतो, तर त्यांना "तुझे वडील गेले" हे फोनवर सांगायचं नाही, जाऊन सांगायचं, हे बाबांचं म्हणणं. दारात उभ्याउभ्या ते कधीच बोलायचे नाहीत. आत जायचे, पाणी मागायचे, ज्याला सांगायचं त्याला बसवायचे, आणि मग एका वाक्यात सांगून मोकळे व्हायचे. "सिरीयस आहे", "लगेच या", असली अर्धीमुर्धी थाप त्यांनी कधी मारली नाही. म्हणायचे, माणूस मेला तर मेला म्हणायचं, जिवंत असेल तर जिवंत म्हणायचं, मधलं काही बोललं की ऐकणाऱ्याचे हाल होतात. आई त्यांच्यावर करवादायची, "दुसरा कोणी नाही का मेला गावात ही कामं करायला?" पण आईही गेली तेव्हा तिच्या माहेरी बाबाच गेले. स्वतःच्या बायकोचा सांगावा स्वतः घेऊन जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मनू हुशार, यात वाद नाही. माटुंग्याच्या कॉलेजात बारावीला असतानाच तिच्या डोक्यात अमेरिका शिरली. तिला माणसाच्या शरीरात बसवायची यंत्रं बनवायला शिकायची होती. दादा-वहिनीने तिला दादरच्या एका काउन्सेलर मॅडमकडे घातलं. गार एसी, भिंतभर तिकडच्या कॉलेजांचे झेंडे, आणि मॅडमच्या तोंडी प्रोफाइल, फिट, स्टोरी, याशिवाय शब्द नाही. मार्क होते, परीक्षेतले आकडे होते, शिक्षकांची पत्रं होती. अडलं एसेशी. तिकडे म्हणे पोरांनी स्वतःबद्दल एक निबंध लिहायचा असतो आणि तोच वाचून ते ठरवतात. मी शाळेत मराठी शिकवते, आयुष्यभर निबंध तपासले, तेव्हा मनूने पहिला खर्डा मला दाखवला. चाळीच्या जागी झालेल्या आमच्या बिल्डिंगखाली गाड्यांखाली सापडून पाय मोडलेली मांजरं असायची. ही बया लहानपणापासून आइस्क्रीमच्या काड्या बांधून त्यांचे पाय सरळ करायची. त्यातली निम्मी मांजरं काड्या चावून पळून जायची. ते सगळं तिने इतकं झकास लिहिलं होतं की मी एकटीच खो खो हसले. मॅडमनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "क्यूट आहे. पण क्यूटला कोणी अ‍ॅडमिशन देत नाही, बेटा. लॉस कुठेय यात?"

लॉस बाहेर बसला होता. मनूला संध्याकाळी एकटीने कशाला यायला लावायचं म्हणून बाबा तिला दादरला सोडायला आणि आणायला जायचे. बाहेरच्या सोफ्यावर बसून एसीत खोकत राहायचे. दमा होता त्यांना, गिरणीतल्या कापसाचा. मॅडमनी विचारलं, "बाहेर कोण खोकतंय?" मनू म्हणाली, माझे आबा, गिरणीत होते. झालं! मॅडमना घबाड मिळालं. गिरणी, कापूस, फुफ्फुसं, गरिबी, आणि श्वास घ्यायला मदत करणारं यंत्र बनवू पाहणारी नात. सगळं कसं एका माळेत. फक्त एकच अडचण होती, म्हातारा जिवंत होता. जिवंत माणसाचा खोकला, मॅडमच्या मते, जरा कमी पडत होता. "कितीतरी मुलं करतात हे," मॅडम म्हणाल्या. "तिकडून कोण बघायला येणारेय? आणि वय काय त्यांचं? तसंही..." ते "तसंही" मनूने मला जसंच्या तसं सांगितलं. मी त्या बाईचं तोंडही पाहिलेलं नाही, पण ते "तसंही" माझ्या कानातून जात नाही.

मनूला ते जड गेलं, हे मात्र मी लिहायलाच हवं. बाबांच्या आणि माझ्या घरी येऊन तिने बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसाहमशी रडायला लागली. "आबा, मी तुला मारलंय. निबंधात. तू हॉस्पिटलात गेलास असं लिहिलंय. मी नाही पाठवणार." मी म्हटलं, फाडून टाक, मांजरांचं पाठव. पण बाबा हसायला लागले. घरात ते मालवणीच बोलायचे. म्हणाले, "मगे? त्यात रडतंस कित्याक? खोटी खबर इली तर आयुष्य वाढता माणसाचा."

आणि मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. लहानपणी गावात त्यांच्या डोक्यावर कावळा बसला होता. आमच्याकडे तो मोठा अपशकुन. त्यावर उतारा एकच, तो माणूस मेला म्हणून लांबच्या नातेवाइकांना कळवायचं. ते खरं समजून रडले की अरिष्ट टळलं. माझ्या आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, तिच्या भावाकडे सांगावा धाडला, पोर गेलं. मामा डोंगर उतरून रडत, छाती पिटत आला, तर पोर पडवीत बसून पेज खात होतं. मामाने आधी त्याला पोटाशी धरलं आणि मग आजीला शिव्या घातल्या. ही गोष्ट सांगून बाबा मनूला म्हणाले, "लिव तू. चांगलो दणक्यात मार माका. पण एक ध्यानात ठेव. रडून झाला की उलट सांगावा धाडूचो लागता, माणूस जितो असा म्हणान. नायतर ता तसाच रवता. आणि जेना मारल्यान, तेनाच कळवूचा." मनूने डोळे पुसत मान हलवली. "हो आबा. अ‍ॅडमिशन झालं की लगेच सांगेन." दोघांनी खरोखर हातावर हात मारला. मला त्या वेळी आजोबा-नातीचं कौतुक वाटलं होतं. बाबांना वाटलं, तिकडची माणसं म्हणजे गावचा मामाच. खोटं कळलं की शिव्या घालतील आणि पोटाशी धरतील. असला घोळ आमच्यासारख्यांनीच घालावा.

अ‍ॅडमिशन झालं. फीसुद्धा माफ झाली. दादाने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. तिथल्या कोणा प्राध्यापक बाईंनी मनूला वेगळं पत्र लिहिलं, की तुझ्या आजोबांचं वाचून मला माझे वडील आठवले, तू ये, मी तुझी वाट पाहते. दादाने ते पत्र मोठ्याने वाचलं. बाबा पेढा खात ऐकत होते. कौतुकाने म्हणाले, बाई बरी दिसते, तिला आधी कळव. दादा हसला. सगळेच हसलो.

मनू गेली. पहिल्या काही फोनांवर बाबांचा प्रश्न ठरलेला, "काय गो मनू, जितो केलंस काय माका?" ती म्हणायची, "करते आबा, जरा सेटल होऊ दे." मग परीक्षा होती. मग त्या बाईंनी तिला घरी जेवायला बोलावलं, त्यांच्या प्रयोगशाळेत काम दिलं, आणि मग तर तोंड उघडणं आणखीच अवघड होऊन बसलं. कारण निबंध खोटा निघाला तर तिकडे काढून टाकतात, हे तिला आता नीट समजलं होतं. तिने ते मला समजावलं, दादाला समजावलं. बाबांना समजावायचं काम दादाने केलं. कसं? तर, "बाबा, तुम्हाला पोरीचं वाटोळं करायचंय का? परत तो विषय काढायचा नाही." म्हणजे मारायच्या वेळी परवानगी हवी होती, जिवंत व्हायचं म्हटल्यावर म्हातारा पोरीच्या मुळावर उठला! मी दादाशी कडाडून भांडले. तो म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला? तुला पोर असतं तर कळलं असतं." हे आमच्या घरातलं शेवटचं अस्त्र, मी लग्न केलं नाही त्याचं. ते एकदा बाहेर काढलं की वाद मिटला असं सगळे धरून चालतात.

बाबा तरी विचारायचे. मोठ्याने नाही. फोन ठेवायच्या आधी नुसतं, "काय गो?" एवढंच. आणि तिकडून, "आबा, नेट जातंय..."

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मनू आली ती तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला घेऊन. एमा. एमाला इंडिया बघायचा होता, आणि त्याहून जास्त मनूच्या आजोबांचं घर बघायचं होतं. निबंध तिनेही वाचलेला. दादाचा मला फोन, "बाबांना चार दिवस गावाला धाड." बाबा म्हणाले, "मी खंय जातलंय? माझा घर ता." मग दादा आणि वहिनीने बसून तोडगा काढला. घर आजोबांचं, आणि घरात बसलेले हे आजोबांचे धाकटे भाऊ. बाबांना सख्खा भाऊ कधी नव्हताच. म्हातारपणी मिळाला.

मला वाटलं होतं, बाबा चिडतील, एमासमोर काहीतरी बोलून बसतील. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. दाढी केली. मला हळूच म्हणाले, मैत्रीण घरी आली आहे म्हणजे मनू आज तिला सांगणार, समोरासमोर, नीट, बसवून. त्यांना खरंच तसं वाटत होतं. एमा गुणी मुलगी. चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला, हातात पांढरी फुलं. ती तिने दोन्ही हातांनी बाबांना दिली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या भावाबद्दल ऐकून फार वाईट वाटलं." मी भाषांतर केलं. मीच केलं, दुसरं कोण करणार? बाबांनी मनूकडे पाहिलं. मनू पंख्याकडे बघत होती. बाबांनी फुलं घेतली. एमाला बसायला सांगितलं, मला पाणी आणायला सांगितलं. दुःख घेऊन आलेल्या माणसाला कसं वागवायचं हे त्यांना चांगलं माहीत होतं, ते तसंच सगळं वागले. एमाने विचारलं, "कसे होते ते?" बाबा म्हणाले, "बरो होतो. नातीवर जीव होतो तेचो. आणि काय सांगतलंय?" मी तेही इंग्रजीत सांगितलं. एमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मनू उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच नळ सोडून उभी राहिली. मी मागोमाग गेले. म्हटलं, "सांग आता. आत्ता सांग. ही पोरगी तुला खाणार नाही." ती म्हणाली, "आत्या, प्लीज. ती सगळ्यांना सांगेल." मी म्हटलं, "आणि त्यांचं काय?" ती म्हणाली, "आबा समजून घेतो." तिचं चुकलं नव्हतं. समजूनच घ्यायचे ते, तेच वाईट झालं.

त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्यांच्या आवडीचं. म्हणाले, "आज तरी मनू सांगात असा वाटलेला माका." मी उसळून म्हटलं, मी कळवते, मला इंग्रजी येतं, आत्ता त्या बाईंना ईमेल करते, जायचं ते अ‍ॅडमिशन जाऊ दे खड्ड्यात. बाबा माझ्यावर ओरडले. मी पन्नाशीची बाई, पण लहान पोरीवर ओरडावं तसं. "तू मधी पडा नको! तिना मारल्यान, तिचाच काम ता. तू कळवलंस तर मी जितो नाय होणा, ती तेवडी मरतली." मी ईमेल केला नाही. त्यांनीही तो प्रश्न त्यानंतर कधी विचारला नाही. मनूचा फोन आला की अभ्यास, थंडी, जेवण, सगळं विचारायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. आणखी एक झालं. आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ गेले, त्यांचा मुलगा सवयीने बाबांकडे आला की मावशीकडे सांगावा घेऊन जाल का? बाबा म्हणाले, "तू फोन कर." मुलगा माझ्याकडे बघत राहिला. माणूस खचला म्हणतात तो असा खचतो, एका कामातून उठतो. डॉक्टर शेवटी हृदय म्हणाले. म्हणोत.

तर मनूने तिकडे काय सांगितलं? तिने सांगितलं, चुलत आजोबा गेले. दुसरं काय सांगणार? तिच्या परीक्षा होत्या. कॉलेजातल्या माणसांनी अगदी आपुलकीने तिला कळवलं, की आई, वडील, आजी, आजोबा, भावंडं, यांच्यासाठी परीक्षा पुढे ढकलता येते. चुलत आजोबा त्यात बसत नाहीत. "आत्या, मी खूप प्रयत्न केला गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो गं बाई." दादाने अग्नी दिला. नात्यातल्या बायका विचारत होत्या, नात नाही आली? आजोबांची एवढी लाडकी! वहिनी म्हणाली, तिकडचे नियम फार कडक असतात. इतकं खरं वाक्य माझ्या वहिनीच्या तोंडून क्वचितच निघालं असेल.

बाबांचा एकही धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून लावायची वेळ आली होती. तेवढ्यात एमाने मनूमार्फत एक फोटो पाठवला, त्या भेटीत तिने काढलेला. इस्त्रीचा सदरा, ताठ मान, ओठांवर थोडं हसू. फार सुंदर फोटो आहे. आम्ही तोच फ्रेम केला, हार घातला. भेटायला येणारे म्हणतात, किती प्रसन्न आहेत! आपलाच मृत भाऊ कसा होता हे परक्या पोरीला सांगून झाल्यावर माणूस असा दिसतो, हे कोणाकोणाला समजावत बसू?

गेल्या रविवारी मनूचा व्हिडिओ कॉल आला. मागे एमाही होती. तिने हात जोडले, वाईट वाटलं म्हणाली. मी फोन भिंतीकडे वळवून तिला फोटो दाखवला, तुझाच आहे बघ. तिला बरं वाटलं. मग तिने भिंत न्याहाळली आणि सरळ मनाने विचारलं, "आणि मनूच्या आजोबांचा कुठेय? त्यांचा नाही लावला?"

मी फोन परत माझ्याकडे वळवला. पडद्यावर मनू माझ्याकडे बघत होती. हनुवटीखाली दोन्ही हात जोडलेले मला दिसले. माझ्या जिभेवर पूर्ण वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. पण बाबा ओरडले होते ना माझ्यावर... मी एमाला म्हटलं, "ते मला नको विचारूस. तिला विचार."

एमा मनूकडे वळली. पुढचं मला दिसलं नाही, कारण कॉल बंद झाला. मी फोन हातात धरून बसले. तिकडे दोघी एकमेकींकडे बघत असतील, आता तरी बोलेल, आता तरी बोलेल, असं मी बराच वेळ स्वतःला सांगत होते. थोड्या वेळाने मनूचा मेसेज आला, "सॉरी आत्या, नेट गेलं."